चकमकीच्या रायफलीची दारू

चकमकीच्या रायफलीत दारू दोन ठिकाणी जळते आणि दोन वेगळी कामे करते. नळीच्या बाजूला असलेल्या लहानशा पेल्यातली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, गारेची ठिणगी पकडते. तिची झळ नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरते आणि नळीत ठासलेली मुख्य दारू पेटून गोळी सुटते. रंजकीने चटकन पेट घ्यायला हवा, तर आतल्या दारूने गोळीला सारख्या जोराने रेटायला हवे. १७व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ठिणगी पाडणाऱ्या या चकमकीच्या कळीला पक्के रूप आले. तेव्हापासून दारूची निवड या दोन कामांवर ठरत गेली.

दारूचे घटक तीनच: सोरा, कोळसा आणि गंधक. १८व्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्यांचे प्रमाण ७५, १५ आणि १० असे स्थिरावले होते. त्यामुळे प्रमाणापेक्षा मालाच्या शुद्धतेला महत्त्व आले. उत्तम सोरा बिहारचा मानला जाई. तेथील नुनिया लोक खारट माती पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून तो काढत. प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापाराची मक्तेदारी मिळवली. पुढे चिलीचा स्वस्त सोरा बाजारात आला. पण तो हवेतला ओलावा ओढून घेई, म्हणून सुरुंगाच्या दारूत खपला तरी बंदुकीसाठी त्याला पसंती मिळाली नाही. कोळसा विलो, आल्डर अशा हलक्या लाकडाचा घेत. बंद लोखंडी नळकांड्यांत लाकूड भाजण्याची पद्धत ब्रिटनच्या सरकारी कारखान्यांत आल्यावर दारूचा जोर इतका वाढला की भरण्याचे माप कमी करावे लागले.

खरी निवड असे ती दाण्याची. पिठासारखी दारू वाहतुकीत हिंदकळून तिचे घटक वेगळे होत आणि ठासल्यावर तिच्यात ज्वाळा शिरायला फट उरत नसे. यावर युरोपात १५व्या शतकापासून दाणेदार दारूचा उपाय रूढ झाला. पुढच्या काळात ओलसर मिश्रण दाबून त्याच्या वड्या पाडत, त्या फोडून दाणे चाळणीने निवडत आणि फिरत्या पिंपांत घोळवून गुळगुळीत करत. बारीक दाण्यांचा पृष्ठभाग एकूण जास्त असल्याने ते झपाट्याने जळतात आणि नळीतला दाब एकदम चढतो; जाड दाणे सावकाश जळतात. म्हणून तोफेला जाड, मोठ्या तोंडाच्या मस्केटला मध्यम आणि लहान तोंडाच्या रायफलीला बारीक दाणा योग्य ठरला. रायफलीत अतिबारीक दारू जास्त भरली तर तेलकट कापडात बसवलेली गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांबरोबर फिरण्याऐवजी त्यांवरून घसरे आणि नेम चुके. रंजकीसाठी मात्र सर्वांत बारीक दाणाच हवा असे.

अमेरिकेत ‘एफ’ अक्षराने दाणा ओळखण्याची रीत पडली: अक्षरे जितकी जास्त, तितका दाणा बारीक. साधारण ५० कॅलिबरपर्यंतच्या नळीला तीन एफ, त्यापुढच्या नळीला दोन एफ आणि रंजकीला चार एफ, हा ठोकताळा आजही चालतो.

मस्केटवाल्या शिपायाला दोन वेगळ्या दाण्यांची दारू बाळगण्याची चैन नव्हती. तो कागदी काडतूस दातांनी फोडून त्यातलीच चिमूटभर दारू पेल्यात टाकी व उरलेली नळीत ओती. रायफलधारी शिपाई मात्र बारीक दारूचे शिंग जवळ बाळगत. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीबरोबरही असे शिंग दिले जाई.

दारूची पारख सोपी होती. दाणा बोटांत चुरगळू नये आणि हाताला काळे लागू नये. पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू पेटवली की कागद न जळता आणि फारशी काजळी न ठेवता ती उडून जावी. तरीही या काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि राखेच्या रूपात उरतो. ही राख आट्यांत साचून ओल धरते, त्यामुळे काही बारांनंतर नळी पुसणे भाग पडे.

१८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे आघाताने पेटणाऱ्या टोपीची बंदूक आली आणि १८४० च्या दशकापर्यंत सैन्यांतून रंजक हद्दपार होऊ लागली. हौशी नेमबाज आज जुन्या धाटणीच्या रायफली वापरतात, तेव्हाही काळी दारूच लागते. तिचे आधुनिक पर्याय पेटायला अधिक उष्णता मागतात, त्यामुळे गारेच्या ठिणगीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. बिनधुराची दारू तर अशा नळीत कधीच भरत नाहीत. तिच्या दाबाने नळी फुटू शकते.