धनुष्य का मोडते? शार्ङ्गधराची दोषयादी आणि गोदाकाठचा वेळू

#थ्रेड

१/ गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. इथल्या एखाद्या तरुणाने घरच्या घरी वेळूचे धनुष्य करायला घेतले, तर पहिली दोन-चार धनुष्ये बहुधा मोडतील, पिळतील किंवा वाकून तशीच राहतील. या अपयशाची कारणे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत ग्रंथात क्रमाने नोंदलेली आहेत. मात्र अपशकुनांच्या भाषेत. त्या भाषेआड दडलेली कारागिरी समजून घेण्यासाठी हा थ्रेड.

२/ ग्रंथाचे नाव शार्ङ्गधरपद्धती, काळ इ. स. १३६३. हा मुळात सुभाषितांचा संग्रह; त्यातील एक प्रकरण धनुर्वेदाला वाहिलेले आहे. वसिष्ठाच्या नावावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेतही जवळपास हाच मजकूर आढळतो. कोणते धनुष्य वर्ज्य मानावे आणि ते वापरल्यास कोणते अरिष्ट ओढवते, याची तेथे यादीच दिली आहे.

३/ विषय त्याहून कितीतरी जुना आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगते. दोरीसाठी रुई, ताग, वेळू, स्नायू अशा सहा पदार्थांची नोंद करते. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियन लिहितो की, भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असे. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून धरीत. इ. स. पू. ३२६ च्या झेलमकाठच्या लढाईत पावसाने भूमी निसरडी झाली आणि ही धनुष्ये नीट टेकवता येईनात, असे कर्टियस सांगतो.

४/ दोषयादीकडे वळण्यापूर्वी थोडे यंत्रशास्त्र. धनुष्य ओढले की लक्ष्याकडची बाजू (पाठ) ताणली जाते आणि धनुर्धराकडची बाजू (पोट) दाबली जाते. पाठीचे तंतू तुटले, तर धनुष्य मोडते. पोटाचे तंतू चेपले, तर धनुष्य मोडत नाही. दोरी उतरवल्यावरही ते वाकलेलेच राहते आणि बाणाचा वेग घटतो. पुढचे बहुतेक दोष या दोन वाक्यांतून उलगडतात.

५/ पहिला दोष 'अपक्व', दुसरा 'अतिजीर्ण'. ग्रंथ म्हणतो, कच्चे धनुष्य भंगते आणि फार जुने कर्कश होते. येथे अपशकुनाचा लवलेश नाही. हे सरळ निरीक्षण आहे. एक-दोन वर्षांच्या वेळूचे तंतू पुरते कठीण झालेले नसतात, ओल्या लाकडाचे पोट चेपते आणि फार सुकलेले लाकूड ठिसूळ होते. उपाय असा: तीन-चार वर्षांचा वेळू निवडावा आणि काही महिने सावलीत वाळवावा. मराठवाड्याच्या वैशाखातील उन्हात टाकलेला ओला वेळू बाहेरून झपाट्याने आकसतो आणि उभा तडकतो.

६/ अग्निपुराण धनुष्यासाठी शरद ऋतूत तोडलेला वेळू उत्तम मानते. पावसाळा सरल्यावर कापलेल्या वेळूला भुंग्याचा उपद्रव कमी होतो, हा आजही बांबूकाम करणाऱ्यांचा अनुभव आहे. तोडणीच्या वेळेचा नियम धर्मग्रंथात शिरला तो बहुधा अशाच कुणाच्या अनुभवातून.

७/ तिसरा दोष मोठा रंजक: 'ज्ञातिधृष्ट', म्हणजे भावकीने घासलेले. त्याचे फळ म्हणून आप्तांशी कलह सांगितला आहे. नातेवाइकांनी वापरून झिजवलेले धनुष्य असा त्याचा अर्थ करता येतो. पण वेळूची भावकी म्हणजे त्याचे बेट, असेही म्हणता येईल. दाट बेटात वाऱ्याने वेळू एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या सालीवर व्रण उमटतात. वेळूचे सर्वांत दाट, बळकट तंतू सालीलगतच असतात. पाठीवर असा व्रण आला की तडा तेथूनच सुरू होतो. असा वेळू टोपलीला चालेल, धनुष्याला नाही.

८/ चौथा दोष 'दग्ध'. त्याचे फळ घर जळणे. वाकडा वेळू मंद आचेवर शेकून सरळ करतात आणि पिळलेला बाहूही तसाच सुधारतात. म्हणजे विस्तव वर्ज्य नाही, करपणे वर्ज्य आहे. साल काळी पडेपर्यंत तापवले, तर तंतूंचा चिवटपणा जातो. पाचवा दोष 'छिद्र'; त्याचे फळ युद्धात नाश. भोकाच्या कडांवर सगळा ताण एकवटतो आणि धनुष्य ऐन ओढीत फुटते. फळ अक्षरशः खरे ठरते.

९/ पुढे गाठी. धनुष्याच्या गळ्याशी आणि मुठीच्या जागी गाठ असेल, तर धनहानी होते, असे सांगितले आहे. शिवाय तीन, पाच, सात किंवा नऊ पर्वांचे धनुष्य शुभ. चार, सहा, आठ पर्वांचे वर्ज्य. हे केवळ अंकशकुन वाटतात. पण 'पर्व' म्हणजे दोन गाठींमधले पेर, असा अर्थ घेऊन पाहा. पेरांची संख्या विषम असेल, तर मध्यावर पेर येते, मुठीत गाठ येत नाही आणि दोन्ही बाहूंवर गाठी सारख्या वाटल्या जातात. सम संख्येत गाठ नेमकी मुठीत येते. दोन्ही नियम एकमेकांना दुजोरा देतात.

१०/ दोरीचे दोषही दोन. 'गुणहीन' म्हणजे दोरी अपुरी. 'गुणाक्रान्त' म्हणजे धनुष्यावर दोरीचाच भार. दुसऱ्या दोषाने लक्ष्याचा दृढ वेध होत नाही. कारण उघड आहे: दोरी जितकी जड, तितकी धनुष्याची शक्ती तिलाच हलवण्यात खर्ची पडते. दोरीसाठी भाद्रपदात काढलेली रुईची साल प्रशस्त सांगितली आहे. गंगाखेडच्या कुठल्याही पडीक रानात रुई सापडेल.

११/ ग्रंथ जेथे मौन पाळतो, ती जागा मात्र सर्वांत महत्त्वाची: दोन्ही बाहू सारखे वाकवणे. एखादी जागा बिजागरीसारखी जास्त वाकत असेल, तर तेथे पाते लावू नये. तिच्या दोन्ही अंगांचा ताठ भाग थोडा थोडा तासावा. दर वेळी धनुष्य अर्धवट ओढून, दुरून त्याची कमान पाहावी. घाईने पूर्ण ओढ देऊ नये आणि बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नये. बाणाकडे जायची शक्ती उलटून धनुष्यातच जिरते आणि ते फुटते. हे ज्ञान श्लोकात मावत नाही, हातातून हातात जाते.

१२/ ते ज्यांच्या हातांत टिकले, त्यांत सातपुड्यातील भिल्ल आघाडीवर. त्यांच्या धनुष्याची काठी वेळूची आणि दोरीही वेळूच्या चिवट कामटीची. पिकल्या वेळूच्या सालीची दोरी टिकाऊ व दृढ असते, असे धनुर्वेदसंहिताही सांगते. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजी बंदुकांसमोर उभे राहिले, तेव्हा धनुष्याचा दोष हा शास्त्रचर्चेचा विषय नव्हता. मोडलेले धनुष्य म्हणजे रिकामे हात.

१३/ पद्धतीत शार्ङ्गधराचे नाव आहे. वेळू निवडणाऱ्याचे, शेकणाऱ्याचे, तासणाऱ्याचे नाही. त्याचे निरीक्षण ग्रंथात शिरताना 'कलह', 'गृहदाह', 'धनहानी' झाले. म्हणून जुन्या ग्रंथात 'अशुभ' हा शब्द आला की त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकू नये, की गूढ विज्ञान म्हणून डोक्यावर घेऊ नये. ज्या वस्तूबद्दल तो शब्द आला, ती वस्तू एकदा हातात घेऊन पाहावी. प्रत्येक अशुभामागे कारण सापडेलच असे नाही. पण तपासल्यावाचून ते कळणारही नाही.

(समाप्त)