'सिंहासन'वाल्या अरुण साधूंनी विज्ञान कादंबऱ्याही लिहिल्या होत्या, मग त्या कुणाला आठवत का नाहीत?

राज्यात सरकार डळमळलं की 'सिंहासन' सिनेमाच्या क्लिप्स हमखास फिरायला लागतात. निळू फुलेंचा पत्रकार दिगू, अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री... तुम्हीही त्या पाहिल्या असतील. जब्बार पटेलांचा हा १९७९ चा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची.

याच साधूंनी 'स्फोट' आणि 'विप्लवा' या विज्ञान कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांची नावं मात्र फार थोड्यांना माहीत असतात.

साधूंचा जन्म १७ जून १९४१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. परतवाडा म्हणजे अचलपूरचं जुळं शहर, जुन्या लोकांच्या बोलण्यातला 'कॅम्प'. पुढे त्यांचं आयुष्य वर्तमानपत्रांत गेलं. आधी 'केसरी', मग इंग्रजी दैनिकं आणि 'फ्री प्रेस जर्नल'चं संपादकपद. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे ते प्रमुख झाले. चीनच्या क्रांतीवर 'आणि ड्रॅगन जागा झाला' लिहिलं, विक्रम सेठ यांची 'अ सुटेबल बॉय' ही अवाढव्य कादंबरी 'शुभमंगल' नावाने मराठीत आणली. एवढ्या पसाऱ्यात विज्ञान कादंबऱ्या झाकल्या गेल्या, हे एक कारण.

दुसरं कारण मराठी विज्ञानसाहित्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे हा प्रकार वाढला तो मुख्यतः कथेतून. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४ मध्ये तिथे 'ना. वि. जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखक निघाले जयंत विष्णू नारळीकर, त्यांनी आपलीच आद्याक्षरं उलटी करून पाठवली होती! बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी नावं पुढे गाजली. मासिकं आणि दिवाळी अंकांना हवी असायची ती सुटसुटीत कथा. त्या वर्तुळात राजकीय कादंबरीकार म्हणून शिक्का बसलेल्या साधूंची लांब पल्ल्याची कादंबरी थोडी बाजूलाच राहिली.

खरं तर पत्रकाराने विज्ञानसाहित्य लिहिणं जगाला नवं नाही. 'रोबो' हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला, ते १९२० चं नाटक लिहिणारे चेक लेखक कारेल चापेक वृत्तपत्रातच काम करायचे. सत्ता, पैसा आणि माणूस यांचं गणित रोज पाहणाऱ्याला उद्याच्या यंत्रांचा प्रश्न वेगळा दिसतो.

नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथाकाराला हा मान मिळाल्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण २००७ च्या नागपूर संमेलनाचे अध्यक्ष अरुण साधू होते. त्यांची ओळख मात्र 'सिंहासन'कार हीच राहिली.

२५ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'झिपऱ्या' कादंबरीवर त्याच नावाचा सिनेमा आला. 'स्फोट' किंवा 'विप्लवा' वाचायची असेल, तर आधी जुन्या वाचनालयाचं कपाट गाठून बघा.