कार्बारिल : पोटात जाणाऱ्या विषाचे मोजमाप

कार्बारिल हे कार्बामेट वर्गातील कीटकनाशक. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ते मिथाइल आयसोसायनेटपासून तयार होई व ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाई. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळती झाली ती याच मिथाइल आयसोसायनेटची.

तीव्र विषबाधा : पोटात गेलेले कार्बारिल मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य काही काळ रोखते. लाळ व घाम सुटणे, उलट्या, स्नायूंचे आचके आणि श्वास कोंडणे ही त्याची लक्षणे. ॲट्रोपिन हा उतारा. चाचणीतील निम्मे उंदीर दगावतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ३०० मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना ‘मध्यम घातक’ वर्गात करते.

दैनंदिन मर्यादा : आयुष्यभर रोज पोटात गेली तरी अपाय होणार नाही, अशी मात्रा मात्र दर किलोमागे केवळ ०.००८ मिलिग्रॅम मानली जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी अर्धा मिलिग्रॅमही नाही. त्यामुळे ‘मध्यम घातक’ हा शेरा रोजच्या पाण्याला लावता येत नाही.

भोपाळमधील स्थिती : २००९ मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या तपासणीत कारखाना परिसरातील माती व भूजलात कार्बारिलसह क्लोरिनयुक्त बेंझीन, पारा आदी द्रव्ये आढळली. मर्यादा एकेका द्रव्याची ठरते. पिणाऱ्याच्या पोटात सारी एकत्र जातात. कारखान्याजवळच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला होता.

बंदी : भारतात कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी आली.