निवडीची मराठी कुळकथा

माणूस आधी जन्माला येतो आणि मग आपल्या निवडींतून स्वतःला घडवत जातो. त्या निवडींचा भार नशिबावर टाकता येत नाही. झाँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात हा विचार मांडला. मराठीत त्याला अस्तित्ववाद म्हणतात, आणि तो परदेशातून आणलेलं कलम आहे असंही म्हणतात.

पण कुळ शोधू गेलं तर मराठीतली खूण त्याच्याही आधीची निघते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालची. युरोपातून येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि देशोधडीला लागलेली जर्मन ज्यू तरुणी हॅर्टा एकमेकांच्या प्रेमात पडतात. मुंबईला तो उतरतो, तिला पुढे जावं लागतं. शेवटी ती जीव देते. चक्रधर तिच्यासाठी पाऊल उचलत नाही, आणि तीच त्याची निवड ठरते.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, हॉस्टेलात रमतो, भरकटतो, हरून गावी परततो. त्याची तुलना फ्रेंच लेखक कामूच्या १९४२ सालच्या कादंबरीतल्या मर्सोशी होते. पण मर्सो आईच्या अंत्यविधीला रडत नाही. पांडुरंग मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणानं उन्मळून पडतो. त्याला स्वातंत्र्य हवं असतं, आणि खर्चाचे पैसे वडिलांकडून येत असतात. लाखनीहून नागपूरला खोली करून शिकणाऱ्या मुलाला ही कोंडी समजावून सांगावी लागत नाही.

‘कोसला’ म्हणजे कोश. भंडारा जिल्ह्यात ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. अळी आपला कोश आपणच विणते. पतंग तो फोडून बाहेर पडला की अखंड धागा निघत नाही. अखंड धागा हवा तर आतला जीव मारावा लागतो. पांडुरंगापुढे हाच सौदा आहे: बाहेर पडावं तर घराशी जोडलेला धागा तुटतो, आत राहावं तर आपण उरत नाही.

पुढे विलास सारंगांनी ‘एन्कीच्या राज्यात’ या कादंबरीत निवडीचा हा प्रश्न इराकमधल्या बसऱ्याला नेला. तिथे हुकूमशाहीच्या सावलीत निवडीला जागाच अपुरी पडते.

या तिन्ही कादंबऱ्यांतला माणूस एकटा असला तरी त्याची निवड एकट्याची राहत नाही. ‘मी मोकळा आहे का’ या प्रश्नाला त्या दुसरा प्रश्न जोडतात: माझ्या मोकळेपणाची किंमत कोण मोजतं? अस्तित्ववादात मराठीनं घातलेली मोलाची भर ती हीच.