आजन्म सेवेची प्रतिज्ञा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुण्यात सार्वजनिक जीवनाची एक नवी रीत रुजली. पदवी घेतलेल्या तरुणाने सरकारी नोकरी आणि वकिली या दोन्ही खात्रीच्या वाटा सोडायच्या आणि आयुष्याची ठरावीक वर्षे, प्रसंगी सारे आयुष्य, तुटपुंज्या वेतनावर एखाद्या संस्थेला वाहायचे, अशी ती रीत होती. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा आणि समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना संस्थांच्या स्थापनेच्या तारखा आवर्जून दिल्या जातात. परंतु या संस्था ज्या प्रतिज्ञेवर उभ्या राहिल्या तिचा इतिहास वेगळा मांडण्याजोगा आहे, कारण एका पिढीने आपली श्रद्धा कोठे ठेवली हे त्यातूनच सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रतिज्ञेची कल्पना या भूमीला परकी नव्हती. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी पंढरीच्या वारीचा नेम जन्मभरासाठी स्वीकारत आला होता, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या सभासदांना सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत असे मानण्याची व उपासनेत मध्यस्थ न स्वीकारण्याची शपथ घ्यावी लागत असे. पुण्यातील पदवीधरांनी केलेला बदल असा की, देवापुढे धरला जाणारा नेम त्यांनी शाळेपुढे धरला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना १८७९ च्या सुमारास बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यात ज्या चर्चा झाल्या, त्यांचा शेवट सरकारी चाकरी न करता शिक्षणाला वाहून घेण्याच्या निश्चयात झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. सोसायटीचे ‘आजीव सभासद’, म्हणजे संस्थेची मालकी व चाकरी दोन्ही एकाच वेळी पत्करणारे शिक्षक, वीस वर्षे सेवा करण्यास बांधले जात, आणि त्यांचे मासिक वेतन ७५ रुपयांच्या घरात असे.

या मंडळींत ईश्वराविषयी एकवाक्यता मुळीच नव्हती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टिळक गीतेच्या आधारे कर्मयोग सांगणारे, तर आगरकर बुद्धीला न पटणारी कोणतीही गोष्ट परंपरेच्या भिडेने न मानणारे अज्ञेयवादी. पुढे केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये सर्वोच्च, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’, स्थान मिळवलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तेही उघड बुद्धिवादी होते. परलोकावर विश्वास नसलेल्या माणसांनी इहलोकातील लाभ सोडावा, हे त्या काळच्या सनातनी टीकाकारांना उमगणे कठीण होते. आगरकरांपुरते बोलायचे, तर त्यांचा त्याग धार्मिक माणसाच्या त्यागापेक्षा तसूभरही उणा नव्हता, आणि मोबदल्याची कसलीच अपेक्षा मागे नसल्यामुळे तो अधिक निखळ मानावा लागेल. दम्याने खंगलेल्या देहाने शाळा, महाविद्यालय आणि ‘सुधारक’ पत्र सांभाळत ते १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, गेले.

प्रतिज्ञेचा अर्थ किती गांभीर्याने घेतला जात होता, याचा पुरावा १८९० मधील फुटीत मिळतो. टिळकांच्या मते आजीव सभासदांनी कॅथलिक पंथातील जेझुइट धर्मसेवकांप्रमाणे सर्वस्व संस्थेला द्यावे, बाहेरचे अर्थार्जन करू नये, सर्वांचे वेतन समान असावे आणि वेळही दुसरीकडे वाटला जाऊ नये. उलट आगरकर व त्यांचे सहकारी संसाराच्या गरजेप्रमाणे सवलत देणे न्याय्य मानत. आजीव सभासद असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभा या बाहेरच्या राजकीय संस्थेचे चिटणीसपद स्वीकारल्याने हा वाद टोकाला गेला आणि टिळकांनी सविस्तर राजीनामा देऊन संस्था सोडली. या वादाकडे पुष्कळदा व्यक्तिगत तेढ म्हणून पाहिले जाते. तेढ होतीच, तथापि मुळाशी खरा तात्त्विक प्रश्न होता, तो असा की, उद्दिष्टाला वाहिलेल्या माणसाचे स्वतःचे म्हणून काही उरते की नाही. टिळकांचे उत्तर अधिक उदात्त, तर आगरकरांचे अधिक माणुसकीचे होते. त्यागाचे माप सर्वांना एकच लावले की अधिक माणसे पोसणारा सभासद प्रत्यक्षात अधिक त्याग करतो, ही आगरकर पक्षाची भूमिका आज वाचतानाही खोडून काढता येत नाही.

गोखल्यांनी या अनुभवातून प्रतिज्ञा अधिक रेखीव केली. वीस वर्षांचा करार पाळून फर्ग्युसनमधून मोकळे झाल्यावर त्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला आणि प्रथम स्वतः शपथ घेऊन मग द्रविड, पटवर्धन व देवधर या तिघा सहकाऱ्यांना ती दिली. देशाला मनात पहिले स्थान, स्वतःच्या लाभाचा त्याग, जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानणे, समाज देईल त्या निर्वाहावर संतोष, शुद्ध खासगी आचरण, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे आणि संस्थेच्या ध्येयाशी निष्ठा, अशी सात कलमे तीत होती. सहाव्या कलमामागे १८९० ची कटू आठवण असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. गोखल्यांच्या निधनानंतर, १९१५ मध्ये, गांधींच्या प्रवेशाबद्दल सभासदांत दुमत झाले आणि गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. ध्येय एक असले तरी कार्यपद्धतीविषयी एकमत नसेल तर प्रतिज्ञा अपुरी पडते, हे यातून दिसले.

धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये स्थापलेल्या निष्काम कर्म मठात, म्हणजे फळाची इच्छा न धरता काम करणाऱ्यांच्या मंडळात, ही प्रतिज्ञा प्रथमच स्त्रियांसाठीही खुली झाली. कर्व्यांच्याच हिंगण्याच्या विधवाश्रमाला आणि महिला विद्यालयाला आजन्म कार्यकर्ते मिळावेत हा मठाचा हेतू होता, आणि स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी निधी गोळा करण्यासाठी देशभर आणि नंतर अमेरिकेपर्यंत केलेला प्रवास या हेतूची सर्वांत मोठी पूर्तता होय. तोवर या रिवाजाचा भार ज्यांनी वाहिला त्या बायकांना शपथ विचारलीच जात नव्हती. पतीने ७५ रुपयांत समाधान मानायचे ठरवले की घर त्या ७५ रुपयांत चालवण्याचे काम पत्नीचे होई, आणि तिची संमती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसे.

पुण्याच्या पांढरपेशा वर्तुळाबाहेर हा आदर्श नेला तो भाऊराव पाटील यांनी. सत्यशोधक विचारात घडलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे तिच्यातही आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. अशा रीतीने फुल्यांची शपथ आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीची शिस्त एका संस्थेत एकत्र आल्या. संस्थेच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील निरनिराळ्या जातींच्या मुलांना जेवू घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही विकू दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा संस्था जेमतेम अकरा वर्षांची होती.