आधुनिक कलेच्या इतिहासातील अनामिकता : आफ्रिकी शिल्प, स्त्रीवादी कलाविचार आणि भानू राजोपाध्ये

प्रस्तावना

कलेचा इतिहास हा कलाकृतींचा असतो, तसाच तो नावांचाही असतो. कोणाचे नाव नोंदवावयाचे आणि कोणाचे वगळावयाचे, हे केवळ गुणवत्तेवरून ठरत नाही. ‘कला’ कशास म्हणावे याविषयी त्या त्या काळात रूढ असलेल्या कल्पनाही ते ठरवीत असतात. विसाव्या शतकात आफ्रिकी कलेचे अभ्यासक आणि स्त्रीवादी कलामीमांसक यांनी परस्परांहून वेगळ्या मार्गांनी हा मुद्दा पुढे आणला. या दोन्ही अभ्यासप्रवाहांच्या आधारे, मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या इतिहासातील भानू राजोपाध्ये यांच्या स्थानाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आफ्रिकी शिल्प आणि कर्त्याचे नाव

पाब्लो पिकासो यांनी १९०७ साली पॅरिसमधील त्रोकादेरोच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले. आधुनिक चित्रकलेच्या जडणघडणीत या शिल्पांचा मोठा वाटा मानला जातो. परंतु चित्रकाराचे नाव जगभर झाले आणि मुखवटे घडविणारे अनामिकच राहिले. कार्ल आइनस्टाइन यांनी १९१५ साली ‘नेगरप्लास्टिक’ या जर्मन ग्रंथात आफ्रिकी शिल्पाचा विचार प्रथमच निखळ कला म्हणून केला. तथापि त्या ग्रंथातील छायाचित्रांखाली शिल्पांचे स्थळ वा काळ दिलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ साली भरविलेल्या आदिमतावादविषयक प्रदर्शनावर टॉमस मॅकएव्हिली यांनी जी टीका केली, तिच्यातही आफ्रिकी वस्तूंच्या काळाची व मूळ संदर्भाची नोंद नसणे हा एक प्रमुख आक्षेप होता.

वस्तुतः या शिल्पांना कर्ते होते. नायजेरियातील इकेरे येथील राजवाड्याची कोरीव दारे १९२४ साली लंडनच्या वेम्बली येथील प्रदर्शनात मांडली गेली व पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाली. ती योरुबा शिल्पकार ओलोवे यांनी कोरली होती. अनामिकता हा आफ्रिकी कलेचा गुणधर्म नसून तिची नोंद घेणाऱ्यांच्या पद्धतीतील उणीव होती, हे अशा उदाहरणांवरून स्पष्ट होते.

स्त्रीवादी कलामीमांसा

लिंडा नॉकलिन यांनी १९७१ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेत न शोधता संस्थांच्या रचनेत शोधले. पूर्वकालीन स्त्री-चित्रकार बहुधा चित्रकारांच्याच कन्या होत्या, हे त्यांचे निरीक्षण महाराष्ट्राच्या संदर्भातही लक्षणीय आहे. अंबिका धुरंधर या रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्या, तर अँजेला त्रिंदाद या ए. एक्स. त्रिंदाद यांच्या कन्या. रोझिका पार्कर व ग्रिसेल्डा पोलॉक यांनी ‘ओल्ड मिस्ट्रेसेस’ (१९८१) या ग्रंथात याच्या पुढचा टप्पा गाठला. चित्र व शिल्प यांस ‘ललित कला’ आणि विणकाम, भरतकाम यांस ‘कारागिरी’ मानणारी उतरंडच स्त्रियांना इतिहासाबाहेर ठेवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप आणि भानू राजोपाध्ये

१९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी नागपूरचे नाते जवळचे आहे. संस्थापकांपैकी सय्यद हैदर रझा यांचे प्रारंभीचे कलाशिक्षण नागपुरात झाले. हरी अंबादास गाडे हे मूळचे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. पुढे गटाशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरातच झाला. सूझा, आरा, हुसेन व बाकरे हे अन्य संस्थापक. सहाही नावे पुरुषांची आहेत.

याच गटाच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात भानू राजोपाध्ये यांची चित्रे होती. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९२९ सालचा. वडील अण्णासाहेब हे स्वतः चित्रकार होते. नॉकलिन यांचे निरीक्षण येथेही लागू पडते. सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी १९५१ साली उषा देशमुख सुवर्णपदक मिळविले. पुढे नियतकालिकांसाठी वेशभूषेची रेखाटने करता करता त्या चित्रपटसृष्टीकडे वळल्या. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. जगाने त्यांना भानू अथैया या नावाने ओळखले, चित्रकार म्हणून मात्र नव्हे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. अमृता शेरगिल यांनी अजिंठा पाहिल्यानंतर १९३७ साली रंगविलेली दक्षिण भारतीय विषयांवरील चित्रे आधुनिकतेचा टप्पा मानली जातात. राजोपाध्ये यांनी ‘आम्रपाली’ (१९६६) चित्रपटाची वेशभूषा अजिंठ्याच्याच भित्तिचित्रांच्या अभ्यासातून सिद्ध केली. तिची नोंद मात्र चित्रपटाच्या श्रेयनामावलीत राहिली. दोघीही स्त्रिया, स्रोतही एकच. भेद पडला तो माध्यमामुळे. म्हणजे प्रश्न केवळ स्त्रीत्वाचा नसून कॅनव्हास आणि कापड यांना दिल्या जाणाऱ्या असमान प्रतिष्ठेचा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. राजोपाध्ये यांनी चित्रकला लवकर सोडली व त्यांची चित्रे संख्येने अल्प आहेत. आक्षेप रास्त आहे आणि चित्रकार म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व ठरविताना तो विचारात घ्यावाच लागेल. परंतु प्रदर्शनातील सहभाग ही ऐतिहासिक घटना आहे. तिची नोंद श्रेष्ठत्वावर अवलंबून ठेवता येत नाही. शिवाय त्यांनी कला सोडली, की केवळ माध्यम बदलले, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

निष्कर्ष

आफ्रिकी मुखवटा मानववंशशास्त्राच्या दालनात आणि राजोपाध्ये यांचे काम वेशभूषेच्या रकान्यात गेले, यामागील वर्गीकरणाची रीत एकच आहे. २०२० साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहातील चित्रांचा लिलाव झाला आणि त्यांच्यातील चित्रकाराकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. मात्र अभ्यासकांनी बाजारपेठेची वाट पाहणे इष्ट नव्हे. कलाशाळांच्या प्रवेश-नोंदवह्या, पारितोषिकांच्या याद्या आणि प्रदर्शनांच्या सूचीपुस्तिका ही साधने ग्रंथांतील प्रस्थापित नामावलीपेक्षा अधिक निःपक्षपाती असतात. रझा, गाडे व गायतोंडे यांचा अभिमान बाळगणाऱ्या विदर्भात ही साधने नव्याने तपासली गेल्यास, त्यांच्या समवयस्क विद्यार्थिनींची नावेही इतिहासाच्या कक्षेत येऊ शकतील.