बंद ठेवण्याची रीत

दुकान चालवायला अक्कल लागते, हे सगळेच सांगतात. ते बंद ठेवायलाही तेवढीच लागते, हे मला पेठला जाऊन कळले.

एक दाखला हवा होता. एस.टी.ने सावळघाट ओलांडून पेठला उतरलो, तर पाऊस असा की छत्री ही निव्वळ मनाची समजूत! कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाबा उभे होते. नागलीची लावणी टाकून पाड्यावरून आलेले. पडद्यावर एकच ओळ : 'देखभालीसाठी सेवा बंद आहे.'

"कधी उघडंल?" बाबांनी विचारले.

"ते नाही लिहिलं, बाबा," दुकानातला पोरगा म्हणाला.

झाले! दिवसाची मजुरी आणि जायचे-यायचे भाडे त्या एका ओळीत बुडाले.

घरी येऊन मी या पाटीचे कूळ शोधू लागलो. मे १९९६ मध्ये वेबचे नियम लेखी निघाले, त्यात हिला क्रमांकसुद्धा आहे : ५०३. अर्थ असा की, गर्दी फार झाली आहे किंवा डागडुजी चालू आहे, पण हे तात्पुरते आहे. जानेवारी १९९७ च्या नियमावलीत तर सोबत 'रिट्राय-आफ्टर', म्हणजे 'अमुक वेळाने या', असे कळवायची सोयही दिली आहे. सक्ती मात्र नाही. आणि सक्ती नसलेली गोष्ट आपण केव्हा केली आहे?

पाटी लावणे सोपे असते. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरवर एक छोटी फाईल ठेवतात. प्रोग्रॅम आल्यागेल्याला आत सोडण्याआधी ती आहे का बघतो. असली तर दारातूनच नमस्कार. हे हवेच, नाहीतर दुरुस्ती चालू असताना भरलेला अर्ज निम्मा जुन्या वहीत आणि निम्मा नव्या वहीत जायचा. वर्डप्रेस तर स्वतःला अद्ययावत करताना अशी फाईल ठेवते आणि ती दहा मिनिटांहून जुनी झाली, की मानेनाशी होते. विसराळू माणसाची एवढी काळजी आमच्या घरातही कुणी घेत नाही.

पण ही रीत शिकायला इतक्या लांब कशाला जायचे? आमच्या जिल्ह्यातच सप्तशृंगगड आहे. मूर्तीच्या संवर्धनासाठी २१ जुलै २०२२ पासून ४५ दिवस मंदिर बंद राहील, असे आधीच जाहीर झाले. पहिल्या पायरीपाशी पर्यायी दर्शनाची सोय केली. शेंदराचे थर निघाले, देवीचे जुने रूप दिसले आणि नवरात्रात दार उघडले. मुदत थोडी लांबली खरी, पण भाविक कशासाठी थांबला आहे, हे त्याला ठाऊक होते.

त्या दिवशी मी निघालो, तेव्हा पोरगा एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहीत होता : 'येण्याआधी फोन करा.' खाली नंबर.

बाबा म्हणाले, "मला वाचता येत नाय. कागदावर लिहून दे, नातू करंल फोन."

पोराने लिहून दिले. ५०३ चे उरलेले अर्धे काम पेठला असे पुरे झाले.